पंचेचाळिशीतली सिस्टर

मीरा रोड स्थानकावरून पूर्वेला शांतीनगरच्या दिशेने चालत निघाले, की थोड्या थोड्या अंतरावर नर्सिंग होमच्या पाट्या दिसू लागतात. खाली औषधांचे दुकान, वर वीस-पंचवीस खाटा, जिन्यात काढून ठेवलेल्या चपला. यांपैकी एखाद्या काचेवर ‘स्टाफ नर्स पाहिजे’ असा कागद चिकटवलेला असतो आणि पुष्कळदा त्याच कागदाच्या तळाशी लिहिलेले असते, ‘वय ३५ पर्यंत’. माणूस हवे आहे, तेही तातडीने. पण वीस वर्षे वॉर्डात काढलेली बाई दारात उभी राहिली, तर ती नको आहे. या दोन ओळी एकाच कागदावर कशा नांदतात, हे समजून घ्यायला हवे.

२००१च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ५ लाख २० हजार होती. २०११मध्ये ती ८ लाख ९ हजारांवर गेली. शहर वाढले तशी रुग्णालये वाढली. विरार लोकलने मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत ड्युटीला जाणाऱ्या कोकणातल्या, केरळातल्या परिचारिकांनीही इथे घरे घेतली. त्यांपैकी कितीतरी जणींनी आता पंचेचाळिशी ओलांडली आहे. मुलांची शाळा, सासूचे अंथरूण यांसाठी मध्ये चार-सहा वर्षे नोकरी सोडलेली सिस्टर परत कामावर यायला निघते, तेव्हा तिची गाठ त्या शेवटच्या ओळीशी पडते.

रुग्णालये कारणे देतात ती ठरलेली आहेत. नाइट झेपणार नाही, पेशंट उचलताना कंबर धरेल, कॉम्प्युटरवर नोंदी करायला जमणार नाही. यांत तथ्य अजिबात नाही असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. पाठीचे दुखणे हे या पेशाचे जुने दुखणे आहे आणि सलग रात्रपाळ्या पन्नाशीत अंगावर येतात. पण पेशंट उचलणे हे पंचविशीतल्या मुलीनेही एकटीने करायचे काम नाही. दोघी हव्यात, सरकवण्याची चादर हवी. नोंदींचे सॉफ्टवेअर दोन आठवड्यांत शिकता येते. दोन आठवड्यांत येत नाही ती नजर. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकी परिचारिकेने १९८४मध्ये नवशिक्या परिचारिकेपासून निष्णात परिचारिकेपर्यंतच्या पाच पायऱ्या मांडल्या. वरच्या पायरीवरची सिस्टर आकडे बिघडण्याआधी माणूस बिघडतोय हे ओळखते. ऑपरेशन झालेला रुग्ण जरा जास्तच गप्प आहे, कपाळावरचा घाम गार लागतोय, एवढ्यावरून ती डॉक्टरांना फोन लावते. मोठ्या रुग्णालयात हे ओळखणारे चार जण असतात. वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये रात्री दोन वाजता बहुतेक वेळा तीच एकटी असते. म्हणजे अनुभवाची गरज जिथे सर्वांत जास्त, तिथेच तो नाकारला जातो.

खरे कारण पगाराच्या रजिस्टरात आहे. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी निर्देश दिल्यानंतर केंद्राने तज्ज्ञ समिती नेमली. २००पेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयांनी त्या राज्यातल्या सरकारी परिचारिकेइतके वेतन द्यावे, १०० ते २०० खाटांच्या रुग्णालयांत ते सरकारीपेक्षा १० टक्क्यांहून अधिक कमी नसावे, ५० ते १०० खाटांच्या रुग्णालयांत २५ टक्क्यांहून अधिक कमी नसावे आणि त्याहून लहान ठिकाणी किमान २० हजार रुपये द्यावेत, अशी शिफारस समितीने केली. शिफारस चांगली होती. पण अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली होती. त्यातही शेवटच्या टप्प्याकडे नीट पाहावे. मोठ्या रुग्णालयाचे वेतन सरकारी श्रेणीशी बांधले, की वर्षागणिक वाढ त्यात येते. लहान नर्सिंग होमला मात्र फक्त तळाचा आकडा घालून दिला आहे. पहिल्या वर्षाला तोच आणि विसाव्या वर्षालाही तोच. मीरा रोडची बहुतांश नर्सिंग होम या शेवटच्या टप्प्यातली. तिथे अनुभवाला भावच ठरलेला नाही. भाव नसलेली वस्तू मालक मागत नाही आणि न मागण्याला ‘वयोमर्यादा’ असे सभ्य नाव मिळते.

मग ही सिस्टर जाते कुठे? ती घरी बसत नाही, तिला बसणे परवडत नाही. ती घरोघर नर्स पुरवणाऱ्या ब्यूरोत नाव नोंदवते. ब्यूरो तिला पूनम सागरच्या किंवा कनकियाच्या एखाद्या फ्लॅटमध्ये बारा तासांच्या ड्युटीवर पाठवतो, तिथल्या आजोबांची नळी, सक्शन, इन्सुलिन, पाठीच्या जखमा सांभाळायला. हे अतिदक्षता विभागातले कौशल्य आहे आणि जोडीला दुसरे कुणी नाही. पैसे रोजावर, त्यातून ब्यूरोचे कमिशन. बहुधा ना भविष्यनिर्वाह निधी, ना भरपगारी रजा. निधीच्या पेन्शन योजनेत पेन्शनचा हक्क मिळण्यासाठी किमान १० वर्षांची सेवा लागते. तुकड्या-तुकड्यांत नोकरी केलेल्या बाईची ती दहा वर्षे नेमकी इथे अडतात. रुग्णालय तिला थकलेली ठरवते आणि तिचेच हात शहरातल्या सर्वांत असहाय रुग्णांना बारा-बारा तास धरून ठेवतात. तिचा अनुभव आपण टाकून देत नाही, तो आपण स्वस्तात विकत घेतो. यात आपण म्हणताना वाचकांची घरेही आली.

सरकारी दार तरी उघडे आहे का? राज्याच्या नोकरभरतीत खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा २०१६मध्ये ३३ची ३८ झाली, मागासवर्गीयांची ४३. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत मूळ मर्यादा ३० आहे. एकदा आत गेले की अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी शिडी आहे, पण चाळिशीत त्या शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवायची परवानगी नाही. २०१६मध्येच केंद्र सरकारने आपल्या आरोग्य सेवेतल्या डॉक्टरांचे निवृत्तीवय वाढवून ६५ केले, कारण अनुभवी डॉक्टर कमी पडत होते. निर्णय योग्य होता. त्याच वॉर्डातल्या परिचारिकेचा अनुभव मात्र कुणी असा मोजला नाही.

कायद्याचा आधार तोकडा आहे. घटनेचे कलम १६ सरकारी नोकरीत धर्म, जात, लिंग, जन्मस्थान अशा कारणांवरून भेदभाव करायला मनाई करते. त्या यादीत वय नाही. खासगी नोकरीत वयावरून नाकारण्यास सरसकट बंदी करणारा कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेने चाळिशीपुढच्यांसाठी तो १९६७मध्ये केला. ‘खासगी मालकाने कुणाला घ्यावे हे सरकारने का सांगावे’ असा आक्षेप लगेच येतो. पण आपण ते पूर्वीच सांगितले आहे. १९७६च्या समान वेतन कायद्याने भरतीतला स्त्री-पुरुष भेद खासगी आस्थापनांतही बेकायदा ठरवला, तर २०१७च्या कायद्याने एचआयव्हीबाधितांना तसे संरक्षण दिले. वयाला त्या रांगेत उभे करणे अशक्य नाही.

आणि गरज पडली तेव्हा वय आडवे आले नव्हते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. एप्रिल २०२०मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी निवृत्त परिचारिकांना, सैन्यातून निवृत्त झालेल्या वैद्यकीय कर्मचाऱ्यांना आणि प्रशिक्षण घेऊनही नोकरी न मिळालेल्यांना ‘कोविड योद्धा’ म्हणून पुढे येण्याचे आवाहन केले. त्याच महिन्यात मुंबईच्या तेव्हाच्या महापौर, पूर्वाश्रमीच्या परिचारिका किशोरी पेडणेकर जुना गणवेश चढवून नायर रुग्णालयात परिचारिकांना भेटायला गेल्या. पन्नाशी ओलांडलेल्या बाईच्या अंगावरचा तो पांढरा गणवेश पाहून कुणी वय विचारले नाही.

करण्यासारखे बरेच आहे. परिचर्या परिषदेच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, त्यासाठी प्रशिक्षणाचे तास भरावे लागतात. खंड पडलेल्या सिस्टरला पहिली ठेच इथेच लागते. महापालिकेने आणि शहरातल्या मोठ्या रुग्णालयांनी मिळून तिच्यासाठी महिना-दोन महिन्यांचा पुनरागमन वर्ग चालवला, तर तास भरतील, हात सरावेल आणि जीवरक्षणाचे प्रमाणपत्रही हाती येईल. संसर्ग नियंत्रण, डायलिसिस, मधुमेहींचे समुपदेशन, घरी जाणाऱ्या रुग्णाला औषधे समजावून सांगणे, नव्या मुलींना शिकवणे ही कामे अनुभवी सिस्टरची आहेत आणि त्यांत नाइट कमी आहेत. रात्रपाळीची सक्ती मात्र वयावर नको, तब्येतीवर ठरावी. पंचविशीतल्या मुलीचीही तब्येत असते.

शहरातली नर्सिंग होम नोंदवण्याचे अधिकार महापालिकेकडे आहेत. त्या अर्जात परिचारिकांची नावे आणि पात्रता लिहावी लागते. पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी आरोग्य विभागाने त्याच कागदावर आणखी तीन रकाने मागावेत: प्रत्येकीच्या सेवेची वर्षे, तिचा पगार आणि रात्रपाळीत किमान एक अनुभवी परिचारिका आहे की नाही.