पहिल्या बोटीला भोक पाडू नका

मागच्या दिवाळीत गावी, म्हणजे गेवराई तालुक्यातल्या चकलांब्याला गेलो होतो. सातवीतल्या पुतण्याची फर्माईश आधीच आली होती, "काका, रिमोटवाली बोट बनवू." दादा हसला. "बीड जिल्ह्यात बोट? चालवणार कुठं, रांजणात?" पण दादाच्याच रानात शेततळं आहे. तीस मीटर लांब, तितकंच रुंद, तीन मीटर खोल. दिवाळीत काठोकाठ भरलेलं.

आता हापिसातल्या मित्रांना असं काही सांगितलं की ते थेट थ्रीडी प्रिंट केलेला सांगाडा, ब्रशलेस मोटर, लिथियम बॅटरी यावर येतात. माझं मत उलट आहे. पहिल्या बोटीच्या तळाला एकही भोक नको. पाण्याखाली पंखा फिरवायचा तर दांडा तळातून बाहेर काढावा लागतो, त्याला नळी, नळीत ग्रीस, आणि एवढं करूनही नवशिक्याच्या बोटीत पाणी शिरतंच. त्यापेक्षा पंखे वर, हवेत लावा. जोर कमी मिळतो, पण शेवाळ अडकत नाही.

आम्ही एक मोडकी रिमोटची गाडी फोडली. तिच्यात दोन मोटरी असतात, एक चाकं फिरवणारी, एक वळवणारी. वळवणारी बहुधा फारच किरकोळ निघते, म्हणून तिच्या तारा कापून तिथे दुसऱ्या खेळण्यातली मोटर जोडली. मागच्या बाजूला डावा पंखा एकीवर, उजवा दुसरीवर. एकच चालू केला की बोट वळते. सुकाणूची भानगडच नाही.

थर्माकोलचा तुकडा ४० बाय १५ सेंटीमीटर. म्हणजे ६०० चौरस सेंटीमीटर. सगळं सामान धरून वजन भरलं साधारण ६०० ग्रॅम, म्हणजे बोट एक सेंटीमीटर बुडणार. पुतण्याने आधी बादलीत तरंगवून पट्टीने मोजलं आणि तेवढंच आलं. आर्किमिडीज शाळेत मी पाठ केला होता, त्याने मोजला. असो.

खरी गोष्ट पुढे आहे. बोट तळ्यात मस्त निघाली आणि मधोमध गप्प झाली. कारण साधं होतं. डब्यात सगळं कोंबताना अँटेनाची तार मी बॅटरीखाली दाबली होती. काठाजवळ सिग्नल पोचत होता, पंधरा मीटरवर नाही. चूक शंभर टक्के माझी. मी रिमोट हलवत बसलो आणि इकडे पोराने चपला काढून एक पाय प्लॅस्टिकवर टाकलासुद्धा. दादा कापसातून ओरडत धावत आला. आयुष्यात त्याला इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

शहरातल्या वाचकांना सांगायला हवं, शेततळ्याचं अस्तर ओलं झालं की साबणासारखं गुळगुळीत होतं. उतार तीव्र, धरायला काही नाही. पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. अशी माणसं गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. आपल्याला सवय काय, तर चुकलं की जुनी आवृत्ती परत चढवायची. तळ्याच्या काठावर मी त्याच सवयीने उभा होतो.

बोट अर्ध्या तासाने वाऱ्याने आपोआप पलीकडच्या काठाला लागली. दुसऱ्या दिवशी अँटेना उभी केली आणि बोटीच्या नाकाला पन्नास मीटर तंगूस बांधला. पंखे वर असल्याने तो त्यात गुंतत नाही. पुतण्या नाराज. "काका, मग रिमोट कशाला? दोरी बांधलेलं तर कुत्रं असतं." मी त्याला टेस्लाची गोष्ट सांगितली. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने बिनतारी बोट चालवून दाखवली, ती छताखालच्या हौदात. तिथे वारा नव्हता, अस्तरही नव्हतं.

त्याला काही ते पटलं नाही. दादाने मात्र तळ्याच्या खुंटाला गाठी मारलेला जाड दोर आणि ट्रॅक्टरची जुनी ट्यूब बांधून टाकली. दोन वर्षं नुसतं म्हणत होता, बांधायचंय म्हणून.