बागेतील दिवे आणि जीवदया

बागेत दिवे बसविण्यापूर्वी गृहस्थाने एका रात्री अंधारात फेरफटका मारावा व पाऊल कोठे अडखळते ते पाहावे. पायरी, फाटक आणि वाटेचे वळण येथेच उजेडाची खरी गरज असते. झाडांना रात्रीचा अंधारच हितकर.

100 वॅटचे दोन हॅलोजन दिवे रोज दहा तास जळाल्यास महिन्याला 60 युनिट वीज लागते. 5 वॅटचे सहा एलईडी दिवे रोज पाच तास लावल्यास साडेचार युनिट पुरतात. परंतु हिशेब केवळ विजेचा नाही. निळसर-पांढऱ्या प्रकाशाकडे कीटक अधिक ओढले जातात आणि पावसाळ्यात सकाळी दिव्याखाली त्यांचा खच पडलेला दिसतो. सुमारे 2700 केल्विनचा पिवळसर, वरून झाकलेला व जमिनीकडे वळविलेला दिवा घेतल्यास ही हिंसा पुष्कळ टळते.

पावसात टिकण्यासाठी दिवा आयपी 65 दर्जाचा असावा. ओल्या मातीत विजेचा झटका प्राणघातक ठरतो. म्हणून गळती होताच वीज तोडणारे 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी जाणत्या वायरमनकडून अवश्य बसवून घ्यावे. निजण्यापूर्वी, चातुर्मासात तर विशेषत्वाने, दिवे आठवणीने मालवावेत.