चेहरा ओळखला, मूल ओळखलं का?

प्रति,
मा. आदिती तटकरे,
मंत्री, महिला व बालविकास, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

वरळीच्या बीडीडी चाळींतून हे पत्र लिहिते आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये इथल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत जाण्याच्या आनंदाला गालबोट लावायचं नाही. पण पुनर्विकासासाठी बाकीच्या चाळी रिकाम्या होत असताना कुणी संक्रमण शिबिरात गेलं, कुणी भाडं घेऊन दूरच्या उपनगरात. ज्या मुलांवर आधीपासूनच लक्ष ठेवायला हवं होतं, ती या हलवाहलवीत कुणाच्या नजरेत राहणार?

चाळीत मधे व्हरांडा, दोन्ही अंगांना समोरासमोर दारं, संडास सामाईक. कुणाचं पोर चार दिवस शाळेत गेलं नाही, हे मजल्याला न सांगता कळतं. बाप पिऊन मारतो हेही कळतं. पण ‘त्यांच्या घरातलं आहे’ म्हणत मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ या क्रमांकाला फोन सहसा कुणी लावत नाही. त्यामुळे शासनाची नोंद आणि पाठपुरावा हवाच, आणि तो मोबाइलवर झाला तर उत्तमच. माझी तक्रार आहे ती मोबाइल काय विचारतो याबद्दल.

मार्च २०२१ मध्ये अंगणवाडीच्या नोंदींसाठी पोषण ट्रॅकर हे ॲप आलं. त्याच वर्षी राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले होते: फोन तोकडे आणि ॲप इंग्रजीत. पुढे शिधा देताना चेहरा पडताळणं सक्तीचं झालं. आता दृश्य असं: नातवाचा शिधा न्यायला आजी उभी. नोंद आईच्या चेहऱ्याची, आणि आई सकाळीच धुण्याभांड्याला गेलेली. अंगणवाडीची ताई त्या नातवाला जन्मापासून ओळखते, आजीलाही ओळखते, पण तिच्या ओळखीला ॲपमध्ये रकानाच नाही. पाकिटाचा हिशेब चोख राहतो. मूल का खंगलं, हे लिहायला मात्र जागा नाही.

गंमत म्हणजे चांगला नमुना आपल्याच कायद्यात पडून आहे. बाल न्याय कायदा २०१५ खालच्या २०१६ च्या आदर्श नियमांत नमुना क्रमांक ७ आहे, मुलाचा वैयक्तिक संगोपन आराखडा. त्यातल्या गरजांच्या तक्त्यात पहिली ओळ कशाची, तर मुलाला स्वतःला काय हवं आहे याची. मग आरोग्य, शिक्षण, खेळ, जिव्हाळ्याची माणसं. पहिले तीन महिने दर पंधरवड्याला प्रगतीची नोंद, नंतर दरमहा. मूल घरी परतल्यावरही पाठपुराव्याचा वेगळा भाग. ज्याने हा कागद आखला, त्याला मूल कळलं होतं. पण हा आराखडा बाल कल्याण समितीपर्यंत पोचलेल्या मुलासाठी. आमच्याकडची बहुतेक मुलं तिथवर पोचत नाहीत. ती घरातच असतात. फार तर बाल संगोपन योजनेचे महिना २,२५० रुपये मिळतात.

नोंदी भरणं म्हणजे संगोपन नव्हे, हा धडा इंग्लंडने महागात शिकला. तिथे मुलांच्या नोंदींसाठी मोठी संगणक प्रणाली उभारली आणि समाजसेवक पडद्यासमोर अडकून पडले. २०११ मध्ये प्राध्यापक आयलीन मन्रो यांच्या अहवालाने बजावलं की नियम पाळले का, यापेक्षा मुलाला मदत पोचली का, हे तपासा.

आपल्याकडे तीन गोष्टी झाल्या तरी पुष्कळ.

एक, घर बदललं की नोंद मुलामागे जावी. पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतराची सोय आहे. पण नव्या जागी अंगणवाडी शोधत जाण्याचं ओझं आईवर नको. चाळ रिकामी करण्याआधी म्हाडा आणि आपल्या विभागाने मिळून शून्य ते अठरा वयाच्या मुलांची यादी करावी आणि प्रत्येक जोखमीच्या मुलामागे एका कर्मचाऱ्याचं नाव असावं.

दोन, सेविकेला मराठीत चार ओळी लिहायला किंवा बोलून नोंदवायला जागा द्या, आणि मुलाचं म्हणणं टिपायलाही.

तीन, मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेच्या नोंदी आणि पोषण ट्रॅकर जोडताना गुप्तता सांभाळा. ‘या घरी जाऊन या’ एवढा निरोप ताईला पुरतो. त्या घराची सगळी कहाणी तिच्या फोनवर नको. मुलाची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे ती उगाच नव्हे.

आढावा बैठकीत तुमच्यापुढे किती नोंदी भरल्या याचा तक्ता येईल. तेव्हा अधिकाऱ्यांना एवढंच विचारा: सहा महिन्यांपूर्वी धोक्यात असलेल्या मुलांपैकी किती सावरली? जी सावरली नाहीत, त्यांच्या घरी शेवटचं कोण आणि कधी गेलं? ही उत्तरं ज्या ॲपमधून निघत नाहीत, ते ॲप शिध्याचं आहे, संगोपनाचं नाही. त्यावर संगोपनाचं मूल्यमापन करू नये.

कळावे,
बीडीडी चाळ, वरळी येथील एक रहिवासी