विश्लेषण : कागलच्या कामगाराच्या मानसिक उपचाराचा खर्च कोण करणार?

कागल पंचतारांकित एमआयडीसीत फाउंड्री, कापड आणि इंजिनीअरिंगचे कारखाने पाळ्यांमध्ये चालतात. कामगाराचा हात भाजला तर त्याला कुठे न्यायचे, हे सुपरवायझरला माहीत असते. पण महिनाभर झोप नाही, मशीनवर लक्ष लागत नाही, कामावर यावेसेच वाटत नाही, असे झाले तर? उपचार कुठे आणि खर्च कुणाचा?

कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. सरकार चालवते किंवा सरकारी पैशावर चालते अशा ठिकाणी मानसिक उपचार मिळणे हा कलम १८ नुसार प्रत्येकाचा हक्क आहे. विमा कंपन्यांनीही शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजाराला संरक्षण द्यावे, असे कलम २१ सांगते.

केंद्राचा पैसा कुठे जातो?

२०२४-२५ च्या अर्थसंकल्पात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला सुमारे ९१ हजार कोटी रुपये मिळाले. त्यात बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेला ८५० कोटी आणि टेलिमानस या दूरध्वनी सेवेच्या कार्यक्रमाला ९० कोटी. दोन्ही मिळून जेमतेम एक टक्का. टेलिमानसची तरतूद २०२३-२४ मध्ये १३४ कोटी होती.

जिल्ह्यात काय पोहोचते?

१९९६ मध्ये सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा पैसा आता राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतो. केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के, असा वाटा. कामाच्या ठिकाणचा ताण कमी करणे, हे या कार्यक्रमाच्या कामांतच लिहिलेले आहे. म्हणजे कारखान्यांत समुपदेशन शिबिर घेणे हा उपकार नाही, ते ठरलेले काम आहे.

राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये मात्र पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीत. कागलहून सरकारी उपचारासाठी जवळचा मोठा पर्याय कोल्हापूरचे सीपीआर. ओपीडी दिवसा असते. पहिल्या पाळीच्या कामगाराला त्यासाठी रोजगार बुडवावा लागतो.

ईएसआयमधून काय मिळते?

हा पैसा कामगाराच्या पगारातूनच जातो, पण त्याची माहिती सर्वात कमी आहे. दरमहा २१ हजारांपर्यंत वेतन असलेल्यांना ईएसआय लागू होते. १८ हजार पगार असेल तर कामगाराचे ०.७५ टक्के म्हणजे १३५ रुपये आणि मालकाचे ३.२५ टक्के म्हणजे ५८५ रुपये भरले जातात. वर्षाचे झाले ८,६४० रुपये.

त्या बदल्यात उपचार मिळतात. आजारी रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. दीर्घ आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनिया आणि तीव्र नैराश्याचे काही प्रकारही आहेत. त्यात ८० टक्के वेतन, जास्तीत जास्त दोन वर्षे मिळू शकते.

मग अडते कुठे?

दीर्घ आजाराच्या लाभासाठी दोन वर्षे सलग नोकरी आणि मागील चार अंशदान कालावधींत १५६ दिवसांचे अंशदान लागते. कंत्राटी कामगाराचा ठेकेदार बदलतो, मध्ये खंड पडतो आणि अट मोडते. ओव्हरटाइम न धरता पगार २१ हजारांच्या वर गेला, तर नव्या कामगाराला योजनाच लागू होत नाही. सरकारी आरोग्य विमा योजना मुख्यतः दाखल रुग्णांसाठी. नैराश्याचे बहुतेक उपचार मात्र ओपीडीतील गोळ्या आणि समुपदेशनाचे असतात.

हा प्रश्न छोटा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातील आत्महत्यांत २६.४ टक्के व्यक्ती रोजंदारीवर काम करणाऱ्या होत्या. त्यामुळे निधी किती, याइतकेच तो पाळी सुटल्यावर उपलब्ध असतो का, हेही विचारले पाहिजे. औद्योगिक वसाहतीत आठवड्यातून एक सायंकाळची ओपीडी सुरू करायला नवे रुग्णालय लागत नाही.

तुम्ही काय करू शकता?

• ईएसआयचा विमा क्रमांक जपून ठेवा. ठेकेदार बदलला तरी तोच क्रमांक द्या.
• पगारपत्रकात ईएसआयची कपात दिसते का, ते दर महिन्याला पाहा.
• निपाणी भागातून कामाला येणाऱ्यांनाही ही योजना लागू आहे, कारण ती केंद्राची आहे.
• टेलिमानसचा क्रमांक १४४१६. सेवा मोफत, २४ तास. रात्रपाळीतही फोन लागतो आणि मराठीत बोलता येते.