कसोटी नातवंडांपर्यंत

 २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये लुईस ब्राउन जन्मली आणि ‘टेस्ट ट्यूब बेबी’ घरोघरच्या बोलण्यात आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांनी तेच साधले. पण सरकारी समितीने त्यांना खोटे ठरवले आणि १९८१मध्ये त्यांनी जीवन संपवले. मुंबईत केईएम रुग्णालयात १९८६ साली झालेल्या यशस्वी प्रयोगातले शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनीच पुढे, १९९७मध्ये, मुखर्जींचे श्रेय जाहीरपणे मान्य केले. या मोठेपणाची आठवण आपण फारशी काढत नाही.

तेव्हा अविश्वासाची घाई झाली. २००९मध्ये विश्वासाची झाली. न्यूकॅसलच्या संशोधकांनी मूलपेशींपासून मानवी शुक्राणू तयार केल्याचे जाहीर केले, जगभर मथळे झळकले. त्या पेशी खरेच शुक्राणू आहेत का, अशी शंका जाणकार घेत असतानाच निबंधातला काही मजकूर दुसऱ्याच्या लेखातून उचललेला निघाला आणि निबंध मागे घेतला गेला.

शुक्राणू घडवणे इतके अवघड का? वृषणात एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे सत्तर दिवस लागतात. शेजारच्या पोषक पेशी त्याला सांभाळतात, गुणसूत्रांची संख्या निम्मी व्हावी लागते, आईबापांकडून आलेल्या जनुकीय खुणा पुसून नव्याने उमटाव्या लागतात. यात कुठे चूक राहिली तर ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसेलच असे नाही. योकोहामात ताकेहिको ओगावा यांच्या चमूने २०११मध्ये नवजात उंदराच्या वृषणाच्या तुकड्यांतून प्रयोगशाळेत शुक्राणू वाढवले, तेव्हा ते पिल्ले जन्मल्यावर थांबले नाहीत. त्या पिल्लांनाही पिल्ले होतात, हे त्यांनी पाहिले. माणसाच्या बाबतीत ही कसोटी पन्नास वर्षांची ठरते. क्योतोत मितिनोरी साइतोऊ यांचा चमू २०२४मध्ये मानवी पेशींना शुक्राणूंच्या पूर्वज पेशींपर्यंत घेऊन आला. पुढची वाट बरीच आहे.

ती चालायलाच हवी. १९९२मध्ये ब्रसेल्सहून आलेल्या ‘इक्सी’ने, म्हणजे शुक्राणू थेट बीजांडात टोचण्याच्या तंत्राने, एक शुक्राणूही पुरेसा ठरवला, पण ज्याच्या वृषणातून शस्त्रक्रिया करूनही एक मिळत नाही, त्याच्या स्वतःच्या जैविक मुलासाठी देण्यासारखे डॉक्टरांकडे काही नाही. वयात येण्याआधीच कर्करोगाची औषधे घ्यावी लागलेल्या मुलाकडे तर साठवून ठेवायला वीर्यही नसते. अशा मुलांच्या वृषणाचे तुकडे काही देशांत गोठवून ठेवले जातात. २०१८मध्ये अमेरिकेत अशाच गोठवलेल्या ऊतीतून मिळालेल्या शुक्राणूपासून माकडाचे पिल्लू जन्मले, हा खरा दिलासा.

ब्रिटनच्या कायद्यात उपचारासाठी पुरुषाच्या वृषणातलाच शुक्राणू चालतो. प्रयोगशाळेतल्याला संसदेची परवानगी लागेल. आपल्याकडेही अशी रेघ आधीच ओढून ठेवावी, कारण वंध्यत्व केंद्रांच्या जाहिराती संशोधनाची वाट पाहत बसत नाहीत.

आणि पुरुषांनी एवढ्या लांबच्या शोधाची वाट का पाहावी? मूल होत नसलेल्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचेही कारण असते. तरी सोनोग्राफी, रक्ततपासण्या, नवस-उपास सगळे सुनेच्या वाट्याला. वीर्यतपासणी काही शे रुपयांत होते, सुईसुद्धा टोचत नाही. ती पहिल्याच भेटीत सांगणे डॉक्टरांच्या हाती आहे, आणि ती करून घेणे नवऱ्याच्या.