मोठ्या माणसांची सुटी

वैशाखाचे ऊन तापू लागले की नांदेड-लातूरकडील घरांतून मुलांच्या सुटीचे बेत सुरू होतात. कोणास पोहावयास धाडावयाचे, कोणास चित्रकलेच्या शिबिरात घालावयाचे, हे ठरते. लेकी माहेरी येतात, भाचरे जमतात, घर गजबजून जाते. हे सारे आनंदाचेच आहे. परंतु जे हात दोन वेळा वीस-पंचवीस पाने वाढतात, कुरडया-पापड वाळत घालतात आणि वर्षाचे लोणचे बरणीत भरतात, त्यांस सुटी केव्हा, हा प्रश्न आमच्या घरांतून क्वचितच निघतो.

मोठ्यांनीही उन्हाळ्यातील काही दिवस विद्येच्या संगतीत घालवावे, ही कल्पना परकी नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यास १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला ऐन उन्हाळ्यातलीच. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात १९७६ पासून दहा दिवसांची शिबिरे होत आली आहेत. तेथे मौन पाळावयाचे, वाचन-लेखनही बंद, आणि शुल्क मुळीच नाही.

मराठवाड्याच्या उन्हात हे जमावे कसे, असे कोणी म्हणतील. २०१६ च्या एप्रिलात लातूरची तहान भागविण्यास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे आम्ही विसरलो नाही. तथापि त्याच जिल्ह्यातील उदगीर येथे २०२२ साली, २२ ते २४ एप्रिल या दिवसांत, श्री. भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखाली ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हा खरी अडचण उन्हाची नसून घरातील रीतीची आहे. पुरुष अशा ठिकाणी पिशवी उचलून निघू शकतो. सुनेने नुसते नाव काढले की पाच कामे तिच्या वाटेत उभी राहतात.

येथेच एकत्र कुटुंबाचे बळ कामी यावे. आपल्या घरी एकीचे काम उचलण्यास दुसरे हात असतात. म्हणून चैत्रातच सर्वांनी एकत्र बसून पाळ्या लावाव्या: आठ दिवस थोरल्या सूनबाईंचे, आठ धाकटीचे, आणि सासूबाईंचे तर सर्वांत आधी. पापड-कुरडया एखाद्या वर्षी बचत गटाकडून घेतल्याने कुलाचार बुडत नाही. पुरुषमंडळींनीही चुलीपाशी उभे राहावे. पिठले-भात रांधण्यास पदवी लागत नाही.

दूर जाणे न जमल्यास शेजारच्या चार घरांनी मिळून गायनाचा वा भरतकामाचा जाणकार बोलवावा आणि आठ दुपारी त्यास द्याव्या. लग्नात आलेली बाजाची पेटी कित्येक माळ्यांवर धूळ खात असेल. ती खाली उतरवून आधी तिचा भाता दुरुस्त करून घ्यावा. आणि घरखर्चाच्या वहीत लोणच्याच्या तेला-मिठाखाली या सुटीचीही रक्कम मांडावी. वहीत मांडलेला खर्चच आमच्या घरांतून निभावतो.