हे माणसाचे काम नव्हे?

खोपटच्या एसटी आगाराजवळच्या चहाच्या टपऱ्यांवर गेली काही वर्षे एक नवे तत्त्वज्ञान ऐकू येऊ लागले आहे. वेरूळचे कैलास लेणे माणसांनी कोरलेले नाही. परग्रहावरून उतरलेल्या कोणा प्रगत प्राण्यांनी ते आपल्या यंत्रांनी खोदले, त्यांनीच मानवजात घडविली आणि आपण सारे त्यांची संतती आहोत, असे त्याचे थोडक्यात सार. प्रस्तुत लेखकाला ते ऐकविणारा तरुण बांधकामावर सेंट्रिंगचे काम करणारा होता. "काका, हे माणसाचे काम नव्हेच," असे तो ठामपणे म्हणाला. घोडबंदर रस्त्यावर उभ्या राहिलेल्या पंचवीस-तीस मजली मनोऱ्यांचे साचे ज्याच्या हातांनी ठोकले, त्याने डोंगर कोरण्याचे श्रेय आकाशातल्या अनोळखी पाहुण्यांना देऊन टाकावे, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

हे तत्त्वज्ञान ठाण्यात पिकलेले नाही. एरिक फॉन डॅनिकेन या स्विस हॉटेल-व्यवस्थापकाने १९६८ साली एक पुस्तक लिहून असे प्रतिपादन केले की इजिप्तचे पिरॅमिड, पेरूमधील नाझ्काच्या रेषा, ईस्टर बेटावरचे पुतळे या सर्वांमागे परग्रहवासीयांचा हात आहे आणि ज्यांना आपण देव म्हणतो ते अंतराळवीर होते. पुढे २०१० पासून एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेने हाच माल नव्या वेष्टनात विकावयास काढला आणि तिच्या कृपेने कैलास लेणेही या यादीत दाखल झाले. आता त्याचे तुकडे हिंदी-मराठी निवेदनासह ज्याच्या त्याच्या मोबाईलवर येऊन पडतात. याच्या जोडीला अध्यात्माची दुसरी शाखा निघाली आहे. काही निवडक आत्मे कृत्तिकेच्या तारकापुंजातून पृथ्वीवर आले आहेत, त्यांनी आपले 'मूळ' ओळखावे आणि त्यासाठी शुल्क भरून शिबिरास यावे, असे ती सांगते. टपरीवरचा श्रोता डॅनिकेनच्या वाट्याला येतो, मनोऱ्यातला कृत्तिकेच्या. गिऱ्हाइकांची वर्गवारी येथेही चुकलेली नाही.

या यादीकडे पाहताना एक प्रश्न कोणाही सरळ माणसास पडावा. फ्रान्समधली मध्ययुगीन कॅथीड्रले कोणी बांधली याविषयी या मंडळींना फारसा संशय येत नाही. तेथे गवंडी होते, सुतार होते, त्यांचे संघ होते, हे सारे त्यांना मान्य असते. संशय येतो तो प्रामुख्याने इजिप्तच्या, पेरूच्या, ईस्टर बेटाच्या, वेरूळच्या माणसांविषयी. ज्यांच्या पूर्वजांना साम्राज्यवाद्यांनी रानटी ठरविले, त्यांच्याच हातच्या वस्तू आज 'अमानवी' ठरतात. थॉर हेयेरडाल १९५५-५६ मध्ये ईस्टर बेटावर गेला असता तेथील रहिवाशांनी दगडी हत्यारांनी पुतळा कोरण्याचे काम त्याला प्रत्यक्ष करून दाखविले होते. डॅनिकेनचे पुस्तक त्यानंतर बारा वर्षांनी आले. ज्याला ऐकायचेच नाही त्याला प्रात्यक्षिकाचा काय उपयोग?

आता कैलासाचा हिशेब मांडू. मालिकेचा युक्तिवाद असा की डोंगरातून चार लाख टन खडक काढला गेला, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याची कारकीर्द जेमतेम अठरा वर्षांची (इ.स. ७५६ ते ७७३), म्हणजे रोज बारा तास काम धरले तर ताशी पाच टन खडक निघाला पाहिजे, आणि हे मनुष्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. 'ताशी पाच टन' हा आकडा गंभीर आवाजात उच्चारला की श्रोता गप्प होतो. पण किती माणसांच्या आवाक्याबाहेरचे, हे मात्र कोणी सांगत नाही. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी महाराष्ट्रातील लेण्यांच्या खोदकामाविषयीचे अंदाज विचारात घेऊन एक माणूस दिवसाला सुमारे चार घनफूट खडक काढू शकतो असे धरले आहे. आपल्या काळ्या पाषाणाचा एक घनफूट तुकडा साधारण ऐंशी किलोंचा भरतो. म्हणजे माणशी रोज सव्वातीनशे किलो. ताशी पाच टनांप्रमाणे बारा तासांचे साठ टन. त्यांना सव्वातीनशे किलोंनी भागा. उत्तर येते सुमारे एकशे पंचाऐंशी. ज्या कामासाठी आकाशातून याने उतरवावी लागली, त्याला खोदणारे दोनशे गडीसुद्धा लागत नाहीत! राडा वाहणारे, हत्यारांना धार लावणारे, भाकऱ्या भाजणाऱ्या स्त्रिया असे आणखी कितीही जमेस धरा. एका मध्यम कारखान्याच्या एका पाळीपलीकडे हा जमाव फारसा जात नाही.

त्यातही चार लाख टन हा आकडा फुगविलेला दिसतो. कैलासाचे प्रांगण सुमारे २७६ फूट लांब व १५४ फूट रुंद असून मागची कातळभिंत १०७ फूट उंच आहे. डोंगर उतरता असल्यामुळे समोरच्या बाजूस खोदाई फार थोडी. या मापांवरून कोणीही शाळकरी मुलगा ढोबळ मानाने वीस-बावीस लाख घनफुटांचा अंदाज काढील. ढवळीकरांच्या मते अडीचशे मजुरांना हे काम साडेपाच वर्षांत उरकता आले असते. आणि त्यांनी असेही दाखविले आहे की सारे लेणे एकाच राजाच्या कारकीर्दीत पुरे झालेले नाही, त्यात मागाहून भर पडत गेली. वर्षांची घाई आपण उगाच करतो आहोत. राष्ट्रकूटांना ती नव्हती.

मोठ्या कामाने माणूस दिपून जातो यात वावगे काही नाही. कैलास पाहून त्या काळचे लोकही दिपले होते. इ.स. ८१२-१३ मधील कर्कराजाच्या बडोदे ताम्रपटात या मंदिराचे वर्णन आहे. विमानांतून फिरणारे देव ते पाहून थक्क झाले आणि हे मानवनिर्मित असणे शक्य नाही असे त्यांना वाटले, अशी कवीची कल्पना आहे. आजच्या यानवाद्यांना हे वाक्य म्हणजे पर्वणीच. पण त्याच ताम्रपटात पुढे जे आहे ते ही मंडळी वाचत नाहीत. मंदिर पुरे झाल्यावर ते घडविणारा शिल्पी स्वतःच आश्चर्याने उद्गारतो की हे मी कसे केले! बाराशे वर्षांपूर्वीच्या दरबारी कवीला देवांना विमानांत बसविल्यावरही कारागिराचा विसर पडला नव्हता. विमानातले देव केवळ प्रेक्षक आहेत, टाकी हातात धरणारा माणूसच आहे. मराठीतही याची स्मृती उरली आहे. कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू'त राणी माणिकेश्वरीची कथा येते. राजा दुखण्यातून उठला तर शिवाचे देऊळ बांधीन आणि त्याचा कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही, असा नवस ती करते. इतर शिल्पी हतबल होतात तेव्हा पैठणचा कोकस पुढे येतो आणि आधी शिखर, मग पाया अशा उलट्या क्रमाने काम धरून आठवड्याच्या आत राणीचा उपवास सोडवितो. कथा म्हणून तिच्यात अतिशयोक्ती आहेच. पण वरून खाली कोरत येण्याची युक्ती तिने नेमकी टिपली आहे आणि ती माणसाच्या नावावर मांडली आहे, पैठणच्या माणसाच्या.

श्रद्धावंतांवर आमचा राग नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. वारकऱ्यांचा विठ्ठल जनाबाईकडे येतो तो तिच्याबरोबर जाते ओढावयास येतो. जनीच्या हातून खुंटा काढून घेऊन, दळण तू केलेलेच नाहीस असे तो तिला सांगत नाही. परग्रहवासीयांची नवी भक्ती नेमके हेच सांगते.

आणि हे सांगणेही नवे नाही. मानवाचा उगम विश्वात शोधून त्यातून माणसामाणसांत पायऱ्या लावण्याची विद्या या देशात फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पुरुषसूक्तात विराट विश्वपुरुषाच्या मुखापासून ब्राह्मण आणि पायांपासून शूद्र उपजले. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त धोंडिबाशी संवाद करीत या उत्पत्तीची जी निर्दय उलटतपासणी केली, तिच्यातला मुद्दा शरीरशास्त्रापुरता नव्हता. ज्याचा जन्म दैवी ठरतो त्याला कष्टांतून सूट मिळते, आणि ज्याला पायांपासून जन्मलेला म्हणतात त्याच्या कष्टांवरचा त्याचा हक्क नाहीसा होतो, हे जोतीरावांना दिसले होते. ते स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत. दगड, चुना आणि मजुरी यांचा हिशेब त्यांना पोथीबाहेरून ठाऊक होता.

'गुलामगिरी'नंतर सहा वर्षांनी, १८७९ मध्ये, मादाम ब्लाव्हाट्स्की व कर्नल ऑल्कॉट मुंबई बंदरात उतरले आणि त्यांच्या थिऑसॉफिकल सोसायटीने काही वर्षे येथेच ठाण मांडले. या पंथाच्या विश्वकथेत मानवाचा पूर्वेतिहास चंद्रावरचा, आणि त्याला मन-बुद्धीचा स्पर्श झाला तो शुक्रावरून आलेल्या 'ज्वालाधिपतीं'मुळे. त्यातून 'मूलवंशां'ची उतरंड निघाली. आर्य हा पाचवा मूलवंश, आणि जगातले कित्येक आदिवासी म्हणजे आधीच्या, कालबाह्य वंशांचे अवशेष. कृत्तिकेची आजची शिबिरे याच दुकानाच्या शाखा आहेत. समाजवाद्यांनी तर हे प्रकरण विशेष आठवावे. जुलै १८८८ मध्ये लंडनच्या ब्रायंट अँड मे आगपेटी कारखान्यातील सुमारे चौदाशे स्त्री-मुलींचा संप झाला, त्यांची गाऱ्हाणी छापून त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या ॲनी बेझंट त्या वेळी फेबियन समाजवादी होत्या. त्याच वर्षी ब्लाव्हाट्स्कीबाईंचा 'सीक्रेट डॉक्ट्रिन' हा ग्रंथ निघाला, आणि पुढच्या वर्षी बेझंटबाई थिऑसॉफीत दाखल झाल्या. भारताच्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी केलेले काम मोठेच आहे. पण १९१३ साली लेडबीटर यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात त्या मानवाच्या चंद्रावरील पूर्वजन्मांची वर्णने करू लागल्या, तोवर फॉस्फरसने जबडे झिजलेल्या आगपेटीवाल्या मुली पुष्कळ दूर राहिल्या होत्या.

यावर कोणी म्हणेल की जीवन अवकाशातून आले असे डॉ. जयंत नारळीकरांसारखे शास्त्रज्ञही म्हणत होते. नारळीकर काय करीत होते ते नीट पाहावे. फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांची कल्पना अशी की सूक्ष्म जीव धूमकेतूंच्या धुळीतून पृथ्वीवर पडत असावेत. ती खरी की खोटी हे पाहण्यासाठी इस्रोच्या साह्याने २००१ व २००५ मध्ये हैदराबादहून बलून सोडण्यात आले आणि सुमारे ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा झाले. त्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या, २००९ मध्ये त्या जाहीर झाल्या, आणि त्याच निवेदनात असेही सांगितले गेले की एवढ्यावरून त्या परग्रहीय ठरत नाहीत. मुद्दा जिवाणूंचा होता. लेणी खोदणाऱ्या प्राण्यांचा नव्हता. शिवाय शंका घेणाऱ्यास येथे कोणी 'निद्रिस्त आत्मा' म्हटले नाही, आणि शुल्कही मागितले नाही.

विश्वाशी आपले नाते आहे, पण ते निराळे. हॉइल व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९५७ साली मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटात कशी शिजतात हे मांडले. आपल्या रक्तातले लोह आणि हाडांतले कॅल्शियम अशाच मृत ताऱ्यांतून आले आहे. ते शिबिरातल्या निवडक आत्म्यांत जितके आहे तितकेच मुंब्र्याच्या खाणीत दगड फोडलेल्या वडाराच्या अंगात आहे, आणि त्याच्या हातातल्या सुतकीत तर कितीतरी अधिक!

मग हा खुळा विश्वास आताच का फोफावतो आहे? वागळे इस्टेटमधले कित्येक कारखाने बंद पडले. त्या जागी काचेच्या इमारती आल्या. आज काम करणारा ठेकेदारामार्फत येतो, त्याचे नाव मूळ मालकाच्या हजेरीपटावर नसते, मनोरा पुरा झाला की त्याला फाटकातून आत घेत नाहीत. जाहिरातीत मनोरा जणू आपोआप उगवलेला असतो. स्वतःच्या डोळ्यांदेखत स्वतःचे श्रम ज्याच्या नावावरून पुसले जातात, त्याला बाराशे वर्षांपूर्वीचा डोंगर कोणा अदृश्य शक्तीने कोरला हे पटण्यास कितीसा वेळ लागणार? वडारांचे उदाहरण तर उघडे आहे. पिढ्यान्पिढ्या दगड फोडणारा हा समाज सरकारदरबारी 'विमुक्त जातीं'च्या यादीत आहे. ज्यांचे कौशल्य एका राजवटीला गुन्हेगारी वाटले, त्यांना आता 'हे तुमचे नव्हेच' असेही ऐकावे लागत आहे.

२०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अशा बोलण्याला लागू होत नाही आणि होऊही नये. विचाराला पोलीस हे उत्तर नव्हे. शिवाय या गोष्टींचा खप पोलिसी धाकाने कमी होईल असे मानण्याला आधार नाही. 'करमणूक आहे, चालू द्या' असे म्हणणाऱ्या आमच्या सुशिक्षित मित्रांना मात्र एवढेच विचारावेसे वाटते की ही शिबिरे ज्या रविवारी भरतात तो रविवार कोठून आला? गिरणी कामगारांना ही साप्ताहिक सुटी १८९० साली मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यातून. जोतीरावांचे हे अनुयायी १८४८ साली या ठाण्यातच जन्मले.

ठाण्याच्या कामगार संघटनांना आमची एक सूचना आहे. व्याख्यानांऐवजी सहली काढाव्यात. वेरूळ दूर आहे. पण खोपटच्या पश्चिमेला येऊरचे जे डोंगर दिसतात, त्यांच्याच पलीकडच्या अंगाला कान्हेरीची लेणी आहेत. तेथे भिंतींवर टाकीचे घाव बोटांनी चाचपता येतात आणि ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत व्यापारी आहेत, सोनार आहेत, आणि एका वाटेचे दान देणारा कल्याणचा लोहारही आहे. त्याचे नाव नंद.